फायटर विमानाच्या पोटाखालचा डोळा: टार्गेटिंग पॉड म्हणजे नक्की काय?

मे २०२५ मधली गोष्ट. 'ऑपरेशन सिंदूर' चालू होतं आणि शाहूपुरीतल्या आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. काळं-पांढरं चित्र, मधोमध अधिकचं चिन्ह, रस्त्यावरून जाणारे ट्रक आणि मग एकदम पांढराफटक स्फोट. खाली लिहिलेलं, 'आत्ताची, सीमेवरची'. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, तरी दोन सेकंदांत फॉरवर्ड केली.

अर्ध्या तासाने एका मित्राचा फोन आला. त्याचा थोरला भाऊ सैन्यात आहे. "आईच्या मोबाईलवर पण आलीया ती क्लिप. ते ट्रक आपले का त्यांचे, एवढंच सांग."

मला सांगता येईना. रात्री शोधाशोध केल्यावर कळलं की ती क्लिप 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधली होती. पण खरी असती तरी मला उत्तर देता आलं असतं का? ते समजायला हे चित्र मुळात कुठून येतं ते पाहूया.

पॉड म्हणजे काय?

लढाऊ विमानाच्या पोटाखाली किंवा पंखाखाली बॉम्बसारखी दिसणारी एक लांबट नळी लटकलेली असते. ती फुटत नाही, ती बघते. हा पॉड. आपल्या हवाई दलात वापरला जाणारा इस्रायली 'लायटनिंग' पॉड साधारण २.२ मीटर लांब आणि २०० किलोच्या आसपास वजनाचा असतो.

पॉडची कामं मुख्यतः दोन. नेव्हिगेशन पॉड पायलटला अंधारात वाट दाखवतो आणि टार्गेटिंग पॉड लक्ष्य दाखवून त्यावर नेम धरतो. अमेरिकेच्या 'लँटर्न' यंत्रणेत ही दोन कामं दोन वेगळ्या पॉडमध्ये वाटलेली होती. १९९१ च्या आखाती युद्धात ती वापरली गेली. तिच्या नेव्हिगेशन पॉडमधला रडार पुढचे डोंगर-चढ मोजायचा, त्यामुळे रात्री जमिनीलगत उडता यायचं. लायटनिंग मुख्यतः दुसरं काम करतो.

त्याच्या आत काय असतं?

बरंचसं तुमच्या खिशातल्या फोनसारखंच, फक्त लई महाग.

पहिला भाग इन्फ्रारेड कॅमेरा. तो उजेड नाही, उष्णता बघतो. गरम इंजिन पांढरं, थंड जमीन काळी. पायलट हे उलटंही करू शकतो. म्हणून रात्रीही दिसतं आणि म्हणूनच चित्र काळं-पांढरं असतं.

दुसरा भाग चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा. एक प्रयोग करा. शाहूपुरीतल्या एखाद्या उंच गच्चीवरून जोतिबाच्या डोंगरावर फोनचा कॅमेरा पूर्ण झूम करा. चित्र नाचायला लागेल. डोंगर सरळ रेषेत साधारण १२ किलोमीटर आहे. तुमचा हात फक्त एक अंश हलला, तरी तिकडे नेम सुमारे २०० मीटर सरकतो. आता तुम्ही गच्चीवर नाही, ताशी ८००-९०० किलोमीटर वेगाने वळणाऱ्या विमानात आहात असं समजा. म्हणून पॉडचं डोकं गिम्बलवर फिरतं आणि फोनमध्ये असतात तशाच, पण कितीतरी अचूक गायरोच्या मदतीने विमानाची प्रत्येक हालचाल उलट दिशेने भरून काढतं. विमान वळून परत निघालं तरी डोळा मागे वळून त्याच जागेवर खिळलेला राहतो.

तिसरा भाग लेझर. तो अंतर मोजतो आणि लक्ष्यावर ठिपका टाकतो. हा ठिपका साध्या डोळ्यांना दिसत नाही. लेझर गायडेड बॉम्बच्या नाकात त्या ठिपक्याचा परावर्तित प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो आणि तो पाहून बॉम्ब आपले छोटे पंख हलवत दिशा सुधारतो. लेझर एका ठरावीक कोडमध्ये लुकलुकतो आणि बॉम्ब फक्त त्याच कोडचं ऐकतो. त्यामुळे शेजारच्या विमानाच्या लेझरमागे तो जात नाही. बॉम्ब पडेपर्यंत ठिपका हलता कामा नये. मध्ये ढग किंवा दाट धूर आला की खेळ बिघडतो.

टायगर हिल, २४ जून १९९९

भारतात या पॉडचं नाव झालं ते कारगिलमध्ये. घुसखोर सोळा-सतरा हजार फुटांच्या शिखरांवर बसले होते. विमान खाली आलं की खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांचा धोका. २७ मे रोजी एक मिग-२१ आणि २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आपण असंच गमावलं. उंचावरून साधे बॉम्ब टाकावेत, तर अरुंद कड्यावर नेम लागणं कठीण. थोडा चुकला की बॉम्ब सरळ दरीत.

मिराज २००० विमानांकडे फ्रेंच 'ॲटलिस' पॉड होता, पण त्यात साधा टीव्ही कॅमेरा, म्हणजे तो दिवसाच कामाचा. मग युद्धाच्या धामधुमीत लायटनिंग पॉड मिराजवर बसवले गेले. २४ जूनला मिराजने टायगर हिलवर लेझर गायडेड बॉम्ब टाकले. तेव्हाचे हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस स्वतः त्या मोहिमेतल्या एका विमानात होते. पुढे ४ जुलैला आपल्या जवानांनी टायगर हिल जिंकली.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तिथे शत्रू आहे हे पॉडने शोधून काढलेलं नव्हतं. ते लष्कराच्या माहितीवरून आणि टेहळणीच्या फोटोंवरून आधीच ठाऊक होतं. पॉडने ती जागा दाखवली आणि बॉम्ब तिथे नेला.

पॉडला काय कळत नाही?

पॉडला 'कुठे' कळतं, 'कोण' कळत नाही. ट्रक गरम आहे हे दिसतं. त्यात दारूगोळा आहे की भाजीपाला, आपला आहे की त्यांचा, हे उष्णता सांगत नाही. ते माणसाने बाहेरून आणलेल्या माहितीवर ठरतं.

त्याच वर्षी, १२ एप्रिल १९९९ ला, सर्बियातल्या ग्रदेलित्सा इथे नाटोच्या विमानाने रेल्वे पुलावर बॉम्ब टाकला. त्या बॉम्बच्या नाकातच कॅमेरा होता. नेम पुलावर होता, पण तेवढ्यात प्रवासी गाडी पुलावर आली आणि अनेक प्रवासी मरण पावले. नाटोने नंतर पत्रकारांना कॅमेऱ्यातला व्हिडिओ दाखवला. थांबायला वेळच नव्हता असं त्यात वाटत होतं. तो व्हिडिओ प्रत्यक्षापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने चालवला गेला होता, हे पुढे उघड झालं. म्हणजे कॅमेरा खरा, घटना खरी, तरी क्लिप बघणाऱ्यांची समजूत चुकीची झाली.

मग क्लिप आली तर?

पहिलं, ती कुणी प्रसिद्ध केली ते बघा. हवाई दल, संरक्षण मंत्रालय किंवा पीआयबीच्या अधिकृत खात्यावर नसेल, तर थांबा. दुसरं, तारीख आणि जागा चित्रातून कळतेय की फक्त खालच्या ओळीतून? ती ओळ कुणीही लिहू शकतं. तिसरं, एखाद्या फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाका. जुनी किंवा गेममधली क्लिप पुष्कळदा तिथेच पकडली जाते.

त्या रात्री मी मित्राला परत फोन केला. "गेम आहे भावा, काकूंना सांग." तो म्हणाला, "सांगतो, पण तू पाठवलीस म्हणून आईला खरी वाटली." तेव्हापासून स्फोटाची क्लिप आली की ती फॉरवर्ड करायच्या आधी मी त्याचा प्रश्न स्वतःला विचारतो: हे ट्रक कुणाचे? उत्तर माहीत नसेल, तर क्लिप माझ्या फोनवरच थांबते.