दुधाच्या दाढेत भरलेले सिमेंट किती वर्षे टिकते?

दुधाचे दात पडणारच; मग ते भरून कशाला घ्यावयाचे, असा प्रश्न पालक विचारतात. समोरचे दुधाचे दात सहा ते आठ वर्षांच्या वयात पडतात हे खरे. परंतु मागील दाढा १० ते १२ व्या वर्षापर्यंत राहतात. म्हणजेच चौथ्या वर्षी किडलेली दाढ आणखी ६ ते ८ वर्षे टिकावयास हवी. ती अकाली काढल्यास शेजारचे दात सरकतात व कायमच्या दातास जागा उरत नाही.

माथ्यावरील लहान खड्ड्यात भरलेले सिमेंट बहुधा काही वर्षे टिकते. दोन दाढांच्या फटीतील मोठा खड्डा भरल्यास मात्र ते लवकर निखळते; तेथे पोलादी टोपी अधिक टिकाऊ ठरते.

राजगढ परिसरातील पालकांनी व शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. धार जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईड अधिक असल्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. डाग म्हणजे कीड नव्हे. मात्र डागाळलेल्या दातासही कीड लागू शकते. म्हणून खड्डा लहान असतानाच दंतवैद्यास दाखवावे, दर सहा महिन्यांनी तपासणी करावी आणि रात्री दात घासल्यावर मुलास गोड देऊ नये.