शर्यतमार्ग-चालन विमा

स्वतःची स्पोर्ट्स मोटार शर्यतमार्गावर हौसेने चालविताना तिचे जे अपघाती नुकसान होते, त्याची भरपाई देणारा अल्पमुदतीचा विमा. ब्रिटनमध्ये सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच इ. शर्यतमार्ग ठराविक दिवशी शुल्क आकारून हौशी चालकांना खुले करतात. अशा दिवसास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. त्यात स्पर्धा नसते व फेरीची वेळ मोजण्यासही सामान्यतः मनाई असते. तथापि वेगामुळे जोखीम वाढत असल्याने नेहमीच्या मोटार विमापत्रातून हा वापर बहुधा वगळलेला असतो.

या विम्यात मोटारीचे मूल्य आगाऊ ठरवितात. मूल्य, शर्यतमार्ग व चालकाचा अनुभव यांवरून हप्ता ठरतो. नुकसानीचा प्रारंभीचा काही भाग विमेदाराने सोसावयाचा असतो. उदा., ५०,००० पौंड मूल्याच्या मोटारीस हा भाग १० टक्के असल्यास पहिल्या ५,००० पौंडांचा भार मालकावर पडतो. यंत्रातील बिघाड आणि टायरांची झीज यांस संरक्षण नसते. दुसऱ्या चालकाच्या मोटारीचे नुकसानही सामान्यतः यात येत नाही.

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगचा सु. २०.८ किमी. लांबीचा उत्तर मार्ग (१९२७) हौशी चालकांस खुला असताना तेथे रस्ता-वाहतुकीचे नियम लागू असतात. तरीही अनेक विमापत्रांत तो वगळलेला असतो आणि कठड्याच्या दुरुस्तीचा खर्च चालकाकडून मागितला जातो. त्यामुळे मार्ग सार्वजनिक की खाजगी यापेक्षा विमापत्रातील अपवादांची शब्दरचनाच निर्णायक ठरते.