साखळीतला एक इंच

सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर आले, तरी आमच्या सातारा-सांगलीकडे माणूस जमीन विचारतो ती गुंठ्यातच. हा गुंठा आला मोजणीच्या साखळीतून. इंग्रजी अमदानीतली ही साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला म्हणायचे आणा. साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा झाला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

मी आठवीत होतो तेव्हा या साखळीपायी अब्बा आणि चाचा यांचे बोलणे बंद झाले होते. अब्बांचे रान कागदावर बारा साखळ्या लांब. उसनी साखळी आणून मोजले की बरोबर बारा भरायचे. तरी चाचा म्हणत, "भाईजान, तुम्ही फूटभर माझ्यात आलाय." शेवटी एका म्हाताऱ्या मोजणीदाराला बोलावले. त्यांनी रान मोजण्याआधी साखळी मोजली. कड्या झिजून, ताणून ती इंचभर वाढली होती. बारा साखळ्यांना बारा इंच, म्हणजे बरोबर एक फूट! अब्बांनी स्वतःच्या हाताने बांध मागे घेतला. त्या ईदला चाचा शिरखुर्मा प्यायला घरी आले.

मी बी.ए. झालेला कवी माणूस; गणिताशी सलगी बेताचीच. पण पुढे वाचनात आले, की पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर खगोलशास्त्रज्ञ मोजपट्टीसारखे वापरतात. त्याला खगोलीय एकक म्हणतात. ते सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. मग मी पेन्सिल घेऊन बसलो. आपली साखळी १०.०५८४ मीटर. भागाकार केला, तर एका खगोलीय एककात सुमारे १४८७ कोटी साखळ्या! मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस साखळी टाकत गेलो, तरी सूर्य गाठायला २८ हजार वर्षे लागतील. सातारा ते सांगली रस्त्याने सव्वाशे किलोमीटर धरले, तर हे अंतर तशा बारा लाख खेपांएवढे.

मग मला ती उसनी साखळी आठवली. तिनेच सूर्य मोजला असता तर? साखळीमागे एक इंच, म्हणजे एकूण चूक सुमारे पावणेचार लाख किलोमीटरची. पृथ्वीपासून चंद्र जवळजवळ तेवढाच लांब आहे. रानात फूटभर चुकवणारा इंच आकाशात चंद्राएवढे अंतर चुकवतो.

शास्त्रज्ञांचीही अडचण अशीच होती. कुठला ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या किती पट दूर, हे केप्लरच्या काळापासून ठाऊक होते. पण ती एक पट म्हणजे नेमके किती मैल, हे पक्के नव्हते. गावचा नकाशा हाती असावा आणि त्यावरचे प्रमाण पुसट असावे, तशी गत. १९६१ मध्ये शुक्रावर रडारच्या लहरी पाठवून, त्या परत यायला लागणारा वेळ मोजून हे अंतर बरेच नेमके कळले. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने खगोलीय एकक १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असे कायमचे ठरवून टाकले.

गुणाकार-भागाकार आता मोबाईलही करतो. पण हातातली साखळी खरी आहे का, हे तो सांगत नाही. ते आधी आपणच पाहायचे, त्या म्हाताऱ्या मोजणीदारासारखे.