भिंतीतील भोक आणि अग्निसुरक्षा : केबलमार्गांच्या अग्निरोधनाचे विवेचन

बीजसंज्ञा : अग्निसुरक्षा, अग्निकप्पा, केबलमार्ग, अग्निरोधन, रुग्णालये, नाट्यगृहे, कोल्हापूर

प्रस्तावना

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभी राहिलेली आणि १९१५ पासून रंगकर्मींचे माहेर ठरलेली ही वास्तू केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येलाच भस्मसात झाली. या घटनेने करवीरनगरी हळहळली आणि सार्वजनिक इमारतींच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. अशा वेळी चर्चा होते ती अग्निशामक बंबांची, पाण्याच्या टाक्यांची आणि बाहेर पडण्याच्या मार्गांची. ती आवश्यकच आहे. परंतु आग लागल्यानंतर ती एका खोलीत थांबते की संपूर्ण इमारत व्यापते, हे बऱ्याच वेळा एका अत्यंत क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे केबल नेण्यासाठी भिंतीला किंवा स्लॅबला पाडलेले आणि तसेच उघडे राहिलेले भोक.

प्रस्तुत लेखात अशा भोकांचे अग्निरोधन म्हणजे काय, ते का करावे लागते, कोणत्या पद्धतीने करतात आणि त्यात कोणत्या चुका संभवतात, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला लागलेल्या आगीच्या कारणाविषयी कोणतेही मत येथे मांडावयाचे नाही. त्या घटनेने दिलेल्या जागेपणाचा उपयोग करून घेणे, एवढाच हेतू आहे.

अग्निकप्प्याची संकल्पना

आधुनिक इमारतीची अग्निसुरक्षा दोन पायांवर उभी असते. पहिला पाय सक्रिय उपायांचा. धूरसूचक यंत्रे, पाण्याचे फवारे, हायड्रंट ही त्याची उदाहरणे. दुसरा पाय निष्क्रिय उपायांचा. यात इमारतीचे अग्निरोधक भिंती, स्लॅब आणि दरवाजे यांच्या साहाय्याने स्वतंत्र कप्प्यांत विभाजन केले जाते. धान्याच्या कोठारात एका कणगीला लागलेली कीड दुसरीत जाऊ नये म्हणून कणग्या वेगळ्या ठेवतात, तसाच हा विचार आहे. भिंत दोन तासांची आहे याचा अर्थ असा, की प्रमाणित चाचणीतील ज्वालांना ती दोन तास पलीकडे जाऊ देत नाही. या चाचणीत भट्टीचे तापमान पहिल्या तासाअखेर सुमारे ९४५ अंश सेल्सिअस आणि दोन तासांअखेर सुमारे १०५० अंशांपर्यंत नेले जाते.

मात्र हे सामर्थ्य अखंड भिंतीचे असते. तिला दहा सेंटिमीटर व्यासाचे एक भोक पाडले आणि त्यातून चार केबल नेऊन उरलेली जागा मोकळी सोडली, तर त्या जागी भिंतीचे अग्निरोधन शून्य मिनिटांचे होते. बाकीची भिंत कितीही भक्कम असली तरी उपयोग नाही. घागरीला तळाशी एकच छिद्र असले तरी घागर रिकामी होतेच.

ज्वालेच्या आधी धूर पोहोचतो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि उभा डक्ट तिच्यासाठी धुराड्याचे काम करतो. कोलकात्याच्या ए.एम.आर.आय. रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी तळघरात आग लागली. तिचा धूर वरच्या मजल्यांवरील रुग्णांपर्यंत पोहोचला आणि नव्वदांहून अधिक जणांचा अंत झाला. त्यांतील बहुतेक जण भाजून नव्हे, तर गुदमरून दगावले. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच जणांचा बळी गेला. या दोन्ही घटनांतील प्रसाराचे मार्ग अनेक असू शकतात. परंतु आग जिथे लागली तिथेच तिला कोंडता आले नाही, हे दोन्हीकडे समान आहे.

ब्राउन्स फेरीचा धडा

केबलच्या भोकाचे महत्त्व जगाला पटवून देणारी घटना अमेरिकेतील अलाबामा राज्यात घडली. २२ मार्च १९७५ रोजी ब्राउन्स फेरी अणुऊर्जा केंद्रात कामगार केबलच्या भोकांतून होणारी हवेची गळती शोधून बंद करीत होते. गळती शोधण्यासाठी ते पेटती मेणबत्ती भोकापाशी धरीत. ज्योत ज्या दिशेला झुकेल त्यावरून हवेचा ओघ कळे. भोके बुजविण्यासाठी वापरलेला पॉलियुरेथेन फोम मात्र ज्वलनशील होता. हवेच्या ओघाने ज्योत आत ओढली गेली, फोमने पेट घेतला आणि आग भिंतीपलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत शिरली. सुमारे सात तास ती धुमसत राहिली. सोळाशेहून अधिक केबल निकामी झाल्या आणि त्यांच्याबरोबर अनेक सुरक्षा यंत्रणाही बंद पडल्या. सुदैवाने अणुभट्टी सुरक्षितपणे थंड करण्यात यश आले. या घटनेनंतर तेथील अणुऊर्जा केंद्रांसाठी अग्निसुरक्षेचे कडक नियम झाले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. भोक बुजविणे पुरेसे नाही, ते कशाने बुजविले हे निर्णायक असते. तसेच केबल जळते तेव्हा केवळ वायर जळत नाही. त्या वायरवर अवलंबून असलेली प्रत्येक यंत्रणा थांबते.

केबलमार्ग बुजविणे अवघड का?

साधे भोक सिमेंटने बुजविता येते. केबलच्या भोकात मात्र तीन अडचणी एकत्र येतात. पहिली अशी, की केबलवरील प्लास्टिकचे आवरण आगीत वितळते व जळून जाते आणि थंड असताना घट्ट बसलेल्या सिमेंटभोवती नवी फट निर्माण होते. पी.व्ही.सी.चा पाइप असेल तर तो पूर्णच नाहीसा होतो. दुसरी अडचण तांब्याची. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने ज्वाला अडली तरी उष्णता केबलमधून पलीकडे जाते आणि तेथील कागद किंवा लाकूड पेटवू शकते. म्हणूनच चाचणीत दोन निकष असतात. एक, ज्वाला पलीकडे दिसू नये. दुसरा, पलीकडच्या बाजूचे तापमान मूळ तापमानापेक्षा सुमारे १८० अंशांहून अधिक वाढू नये. तिसरी अडचण माणसाच्या सवयीची आहे. केबल कायमच्या नसतात. आज इंटरनेटची, उद्या कॅमेऱ्याची, परवा वातानुकूलन यंत्राची अशी भर पडतच राहते आणि प्रत्येक वेळी बुजविलेले भोक पुन्हा उकरले जाते.

साहित्य आणि पद्धती

या अडचणींवर मात करणारे मुख्य साहित्य म्हणजे उष्णतेने फुगणारे लेप आणि लांबी. साधारणतः २०० अंशांच्या आसपास त्यांचे आकारमान अनेक पटींनी वाढते आणि वितळलेल्या आवरणाची जागा ते भरून काढतात. मोठ्या भोकांसाठी दाट मिनरल वूलचे फलक बसवून त्यांवर आणि केबलच्या काही लांबीवर अग्निरोधक लेप देतात. मिनरल वूल १००० अंशांपर्यंतही तग धरते. साधे ग्लास वूल त्यामानाने लवकर मऊ पडते, म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरणे चुकीचे ठरते. स्लॅबमधील भोकांत विशेष प्रकारचे मॉर्टर ओततात. जेथे केबल वारंवार बदलतात, तेथे काढता-घालता येणाऱ्या अग्निरोधक उशा सोयीच्या असतात. प्लास्टिकच्या पाइपाभोवती फुगणाऱ्या साहित्याची कॉलर बसवितात. आग लागताच ती पाइपाला आवळून मार्ग बंद करते.

येथे लक्षात ठेवावयाची बाब ही, की अग्निरोधन हा एखाद्या डब्यातील मालाचा गुण नसून संपूर्ण रचनेचा गुण आहे. भिंतीचा प्रकार व जाडी, भोकाचा आकार, केबलची संख्या आणि लेपाची खोली ज्या रचनेत तपासली गेली, त्याच रचनेला प्रमाणपत्र लागू होते. भारतीय मानक आय.एस. १२४५८ मध्ये अशा अग्निरोधकांची चाचणीपद्धत दिलेली आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात विद्युत डक्टच्या भिंतींना आणि केबलभोवतीच्या मोकळ्या जागेत भरावयाच्या साहित्याला १२० मिनिटांचे अग्निरोधन अपेक्षिले आहे.

प्रचलित गैरसमज

पहिला गैरसमज असा, की केबल एफ.आर.एल.एस. असल्यास भोक बुजविण्याची गरज नाही. अशी केबल स्वतः सावकाश जळते व कमी धूर देते. भोकातून जाणारा दुसऱ्या वस्तूंचा धूर ती अडवू शकत नाही. दुसरा गैरसमज, बाजारात मिळणारा कोणताही फोम चालतो. ब्राउन्स फेरीचा अनुभव याचे पुरेसे उत्तर आहे. तिसरा, पाइपाच्या बाहेरची फट बुजविली की काम झाले. पाइपाचा आतला पोकळ भाग आणि जुडग्यातील केबलमधल्या फटीही बंद कराव्या लागतात. चौथा आणि सर्वाधिक आढळणारा गैरसमज फॉल्स सीलिंगचा. खालून भिंत पूर्ण दिसते, पण ती छतापर्यंत न जाता फॉल्स सीलिंगपाशीच संपलेली असते. धूर वरून निर्वेधपणे पलीकडे जातो.

कोल्हापूरच्या संदर्भात

कोल्हापुरात या विषयाची निकड तीन ठिकाणी विशेष जाणवते. पहिले ठिकाण रुग्णालये. अतिदक्षता विभागातील रुग्णाला जिना उतरवून नेता येत नाही. त्याला शेजारच्या सुरक्षित कप्प्यात हलविणे, हाच व्यवहार्य मार्ग असतो. भंडारा येथे ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात दहा बालकांचा, तर अहमदनगर येथे ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अतिदक्षता विभागात अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. या दुर्घटनांनी हतबल रुग्णांच्या सुरक्षेचा प्रश्न किती गंभीर आहे हे दाखवून दिले. निवासी बंगल्याचे रूपांतर करून उभ्या राहिलेल्या दवाखान्यांत प्राणवायू, वीज आणि संगणकाच्या वाहिन्यांसाठी मागाहून भोके पाडावी लागतात, म्हणून तेथे अधिक दक्षता हवी.

दुसरे ठिकाण साखर कारखाने. सहवीजनिर्मिती प्रकल्पांत बगॅस, त्याची बारीक धूळ आणि केबलच्या गॅलऱ्या शेजारी-शेजारी असतात. केबल ट्रेवर साचलेली धूळ इंधनाचे काम करते. नियंत्रणकक्षात शिरणारा प्रत्येक केबलमार्ग बंद असणे तेथे अगत्याचे आहे.

तिसरे ठिकाण नाट्यगृहे. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामधील भिंत ही प्रेक्षकांची खरी ढाल. पडदे, लाकडी नेपथ्य आणि प्रखर दिवे रंगमंचाच्या बाजूला असतात. दिव्यांच्या आणि ध्वनियंत्रणेच्या अनेक केबल याच भिंतीतून नियंत्रणकक्षाकडे जातात. जळालेल्या नाट्यगृहाची पुनर्उभारणी हाती घेण्यात आली आहे. जुन्या वैभवाची प्रतिकृती साकारताना या भिंतीतील प्रत्येक भोकाचा हिशेब ठेवला जावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

येथील दीर्घ पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. डक्टमध्ये ओल झिरपल्यास काही प्रकारचे फुगणारे साहित्य निकामी होते, तर उंदीर-घुशी मऊ भराव कुरतडतात. म्हणून साहित्य निवडताना केवळ किंमत पाहू नये.

जबाबदारी कोणाची?

वायरमन भोक पाडतो व केबल ओढून निघून जातो. ते बुजविणे गवंड्याचे काम, असे तो समजतो. गवंड्याचे काम तोवर संपलेले असते आणि अग्निशमनाचा कंत्राटदार हायड्रंट तपासून परततो. परिणामी भोक कोणाचेच राहत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मात्र ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. या सहामाही तपासणीत केबलमार्गांचाही समावेश व्हावा. त्यासाठी प्रत्येक भोकाला क्रमांक द्यावा आणि त्याचे छायाचित्र, साहित्य व तारीख यांची नोंदवही ठेवावी. जो भोक पाडेल त्याने ते त्याच दिवशी बंद करावे आणि तोवर त्याचे देयक अदा करू नये. हा साधा नियम संस्थांना खर्चाविना लागू करता येईल.

समारोप

सारांश, अग्निरोधक भिंतीचे मोल तिच्यातील सर्वांत दुर्लक्षित भोकाइतकेच असते. हे काम पूर्ण झाल्यावर नजरेत भरत नाही, त्याचे उद्घाटनही होत नाही. म्हणूनच ते राहून जाते. आपल्या महाविद्यालयाच्या, दवाखान्याच्या किंवा कार्यालयाच्या पॅनेल रूममध्ये जाऊन फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलून पाहिल्यास पलीकडच्या खोलीतील उजेड दिसतो का, हे वाचकाला स्वतः तपासता येईल. जिथून उजेड येतो, तिथून धूरही येणारच.