आजोबांची रायफल : वारसा कुणाचा, आठवणी कुणाच्या?

ग्वाल्हेर-चंबळ भागात कुणाच्या खांद्यावर बंदूक दिसली तर आपण वळूनही पाहत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे मात्र दचकतात. आपल्या काही मराठी घरांतही, विशेषतः ज्यांचे पणजोबा-आजोबा शिंदे संस्थानच्या नोकरीत होते तिथे, एखादी जुनी बारा बोअर किंवा रायफल कपाटात असते. ती बाहेर निघते ती खंडेनवमीला पूजेसाठी, नाहीतर निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला. आता तिला सांभाळणारी पिढी थकली आहे. पुढे तिचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात यंदा उभा राहिला.

आमची रायफल .315 ची, आजोबांनी घेतलेली. लष्कराकडे .303 होती, म्हणून शिकारीसाठी हे वेगळं माप आपल्याकडे रूढ झालं. नव्या मुलांना बंदूक आणि रायफल एकच वाटते, पण तसं नाही. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते, ती छर्रे फेकते. रायफलच्या नळीत पिळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते.

आजोबांना मी फारसं पाहिलेलं नाही, पण रायफल पाहिली की ते थोडे कळतात. दस्त्यावर जिथे गाल टेकायचा, तिथलं पॉलिश पार गेलं आहे. चालताना ती एका हातात तोलून धरत, तिथला धातूचा काळा रंग उडून पांढरट झाला आहे. पट्टा तुटला होता, तो आजीने जाड दोऱ्याने शिवला. ते टाके अजून शाबूत आहेत.

या खुणा फक्त रायफल हाताळणाऱ्यांच्या. बाकीच्यांचं काय, हे मला आत्याने सांगितलं. शिकारीचं मटण स्वयंपाकघरात येत नसे. मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळी भांडी. आजी स्वतः खात नसे, पण मसाला तिच्याच हातचा. आजोबा शिवपुरीच्या बाजूला गेले की परत येईपर्यंत ती कंदील मालवत नसे.

मोठ्या काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हाका घालायला आसपासच्या गावांतली माणसं येत, त्यांत बरेच सहरिया आदिवासी असत. हातात काठी नाहीतर डबा, समोर झुडपात जनावर. सगळ्यात जास्त धोका त्यांना. आमच्या घरच्या फोटोत आजोबा आहेत, रायफल आहे, सांबर आहे. हाकारे एका कडेला अर्धे कापले गेले आहेत. काकांना त्यांतल्या दोघांचीच नावं आठवली.

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी होती, आणि तिथलं जंगल शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. पुढे 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि आमची रायफल कपाटात गेली. तोवर बराच उशीर झाला होता. माधव राष्ट्रीय उद्यानात वाघ उरले नाहीत. 2023 मध्ये बाहेरून वाघ आणून सोडावे लागले, आणि 2025 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आजोबांचा अभिमान मला आहेच, पण हा हिशेबही त्याच रायफलच्या खात्यावर आहे.

आता कायद्याचं. मालक गेल्यावर शस्त्र तसंच घरात ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, की ते हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. वारसाला स्वतःचा परवाना मात्र घ्यावाच लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्याच दुरुस्तीत वरातीतला गोळीबार थेट शिक्षेला पात्र ठरवला आहे.

काका 78 वर्षांचे. आम्ही भावंडं पुणे, बेंगळुरू, इंदूरला विखुरलेली. परवाना घ्यायला कुणीच पुढे आलं नाही. परवानाधारक विक्रेत्याला द्यावी, असं मी सुचवलं, तेव्हा काका तुटकपणे म्हणाले, "अरे, बापाची वस्तू दुकानात ठेवू?" मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "दिली तर तुमच्या मुलांना काय सांगणार?"

त्यावर आत्याने मार्ग काढला. आधी सगळं लिहून घ्या, मग द्या. तीन रविवार काका बोलत होते, आत्या मध्येच दुरुस्त करत होती, आणि पुतणी मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. दस्ता, नळी, टाके यांचे फोटो काढले, परवान्याची पानं स्कॅन केली. जुन्या फोटोमागे त्या दोन हाकाऱ्यांची नावं लिहिली. रायफल पुढच्या महिन्यात जाईल. आजीने शिवलेला पट्टा मात्र आम्ही काढून ठेवला आहे, त्याला परवाना लागत नाही.

तुमच्या घरी असं काही असेल तर कागदपत्रं वेळेत पाहा, आणि त्याआधी घरातल्या मोठ्यांपाशी बसा. ज्यांच्या हातात बंदूक होती त्यांना विचारा, तसंच चुलीपाशी आणि कंदिलापाशी जागणाऱ्यांनाही विचारा.