बसलेल्या बॅटरीचे निदान

विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी बसली असे गॅरेजमध्ये म्हटले जाते, तेव्हा सगळी बॅटरी क्वचितच बसलेली असते. बहुधा तिच्यातील सेलांचा एखादाच गट खचलेला असतो आणि बाकीचे धडधाकट गट त्याच्या मर्यादेत अडकून पडलेले असतात. तो गट कोणता, तो कशाने खचला आणि त्याला काढून उरलेली बॅटरी वाचवण्यात अर्थ आहे की नाही, या तीन प्रश्नांभोवती लिथियम बॅटरीच्या निदानाचे सारे कसब फिरते. नवी मुंबईच्या वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, घणसोली या नोडांमध्ये, म्हणजे उपनगरांमध्ये, घरपोच सामान पोहोचवणाऱ्यांच्या आणि सकाळी स्थानकापाशी गाडी लावून लोकल पकडणाऱ्यांच्या विजेच्या स्कूटरी जशा वाढल्या, तसे हे कसबही पेट्रोल गाड्यांच्या दुरुस्तीपासून वेगळे होत गेले, कारण पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर यांच्याइतकीच येथे मल्टिमीटरची आणि वहीची गरज पडते.

नवी मुंबईच्या परिसराला बॅटरीचा धंदा नवा नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचा कारखाना १९९८ मध्ये एक्साइडकडे आला आणि शिसे-आम्ल बॅटरीची परंपरा तेथे पुढे चालू राहिली. त्या जुन्या प्रकारच्या बॅटरीत प्रत्येक कप्प्याचे बूच उघडून आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजता येते. भरलेल्या कप्प्यात ती १.२८ च्या आसपास असते, उतरलेल्या कप्प्यात ती १.१५ च्याही खाली जाते, आणि कोणता कप्पा मेला हे काही मिनिटांत कळते. लिथियमचा सेल मात्र कायमचा बंद असतो. त्याच्या आत डोकावण्याची सोय नसल्याने निदान करणाऱ्याच्या हाती व्होल्टेज, प्रवाह, तापमान आणि वेळ एवढ्याच गोष्टी उरतात, आणि त्यांतली शेवटची सर्वांत महाग पडते.

दुचाकीच्या बॅटरीत बहुधा बोटाएवढे गोल सेल असतात. १८६५० या आकाराचा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा असतो; २१७०० हा त्याचा थोडा मोठा भाऊ. असे अनेक सेल निकेलच्या पट्टीने शेजारी शेजारी जोडून एक समांतर गट होतो, ज्याचे व्होल्टेज एका सेलाएवढेच राहते पण क्षमता सेलांच्या संख्येने वाढते. आणि असे गट एकापुढे एक, म्हणजे एकसर, जोडले की व्होल्टेजांची बेरीज होते. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या संयुगाचा धनाग्र असलेला, म्हणजे एनएमसी प्रकारचा सेल पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट दाखवतो. अशा चौदा गटांची बॅटरी घेतली आणि तिच्यातील तेरा गट ३.७० व्होल्टवर असून एक गट ३.१० वर घसरलेला असेल, तर बाहेरच्या दोन टोकांवर मीटर ५१.२ व्होल्ट दाखवतो, जो अर्धवट भरलेल्या निरोगी बॅटरीचाही आकडा असू शकतो. बाहेरून मोजून बॅटरी ठीक आहे असे सांगणारा मेकॅनिक त्यामुळे खोटे बोलत नसतो. तो फक्त बेरीज वाचत असतो आणि रोग एका पदात असतो.

हा रोग उघड होतो तो चढावर. बेलापूरहून पारसिक डोंगराच्या रस्त्याला लागलेली स्कूटर अडीच किलोवॅट मागते, म्हणजे ५० व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअर, आणि इतका प्रवाह निघाला की प्रत्येक गटाचे व्होल्टेज त्याच्या अंतर्गत रोधाच्या प्रमाणात खाली दबते. तेरा गट हे सहज सोसतात, चौदावा तळाच्या मर्यादेखाली जातो, आणि प्रत्येक गटावर वेगवेगळी तार लावून पहारा देणारे बीएमएस, म्हणजे बॅटरीची देखरेख करणारे सर्किट, सगळाच पुरवठा तोडते. पडद्यावर तीस टक्के दिसत असताना गाडी मान टाकते, अशी तक्रार ज्याला म्हणतात ती हीच. सपाट पाम बीच रस्त्यावर तीच गाडी मुकाट चालते, त्यामुळे मालकाला दोष मोटरीचा वाटतो.

पेटी उघडल्यावर खरे काम सुरू होते. एका वेळचे व्होल्टेज फार थोडे सांगते. गट भरताना, उतरताना, भाराखाली आणि विसाव्यात कसा वागतो, हे एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागते. ज्या गटाची क्षमताच घटली आहे तो उतरताना सर्वांआधी तळ गाठतो आणि भरताना सर्वांआधी माथाही गाठतो. जो गट निरोगी आहे पण ज्यात विद्युतभार कमी शिल्लक आहे, तो उतरताना पहिला पण भरताना शेवटचा असतो. अशा गटाला स्वतंत्रपणे भरून बाकीच्यांच्या पातळीवर आणले की काम भागू शकते, तरीही अनेकदा तो विनाकारण कापून काढला जातो. रोध वाढलेला गट भार पडताच खोल दबतो आणि भार सुटताच झटकन सावरतो. आणि जो गट काहीही न करता, नुसता ठेवला असता, दिवसागणिक काही मिलिव्होल्ट उतरत राहतो, त्याच्या एखाद्या सेलात धनाग्र आणि ऋणाग्र यांना वेगळे ठेवणाऱ्या पातळ पडद्यातून सूक्ष्म गळती होत असते. हा शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा, आणि ओळखायला सर्वांत सावकाश.

सावकाश, कारण स्वस्त मल्टिमीटर वीस व्होल्टच्या पट्ट्यात शंभरांश व्होल्टच्या पुढचे दाखवतच नाही, ३.७० आज आणि ३.७० उद्या, मधली घसरण त्याला दिसत नाही. एक मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा, सगळे गट आधी एका पातळीवर आणलेले हवेत, आणि मोजमापाच्या काळात बीएमएसचा कनेक्टर काढून ठेवलेला हवा. ही शेवटची अट नवशिके हमखास विसरतात. बीएमएसमध्ये प्रत्येक गटासाठी एक लहान रोध असतो, जो माथ्याशी पोहोचलेल्या गटाचा जादा विद्युतभार जाळून सर्वांना समपातळीत आणतो. त्यावरील इलेक्ट्रॉनिक स्विच बिघडून कायम चालू राहिला तर निर्दोष गट रात्रंदिवस झरत राहतो आणि सेल सडल्याचा आभास होतो. कनेक्टर काढल्यावर घसरण थांबली तर दोष सेलांचा नव्हे, सर्किटचा. असाच दुसरा चकवा गंजलेल्या तारेचा आहे: दोन शेजारी गटांमधली मोजणीची तार नीट टेकत नसेल, तर बीएमएसच्या पडद्यावर एक गट जेवढा कमी दिसतो तेवढाच शेजारचा जास्त दिसतो. दोन फरक असे जुळले की सेलांना हात लावण्याआधी तारेचे टोक तपासणे हे अनुभवी कारागिराचे लक्षण मानावे.

गट सापडला तरी सेल सापडलेला नसतो. समांतर जोडलेल्या दहा सेलांपैकी एक गळत असेल तर उरलेले नऊ त्याची तूट मुकाट भरून काढतात, जसे एकत्र कुटुंबात एकाचे देणे बाकीचे भाऊ फेडत राहतात आणि बाहेर फक्त घर खालावल्याचे दिसते. दोषी सेल निवडायचा तर निकेलची पट्टी कापून प्रत्येक सेल सुटा करावा लागतो, त्यावर क्रमांक घालावा लागतो, आणि व्होल्टेज लिहून तो काही दिवस बाजूला ठेवावा लागतो. मधल्या वेळात चार टोकांच्या मीटरने अंतर्गत रोध मोजला जातो. दोन टोके प्रवाह देतात आणि दोन फक्त व्होल्टेज वाचतात, म्हणजे तारांचा स्वतःचा रोध मोजणीत मिसळत नाही. आकडे मिलिओहममध्ये येतात, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागात. सेल सरळ शून्य व्होल्ट दाखवत असेल, तर आतला दाब वाढून झाकणाखालची सुरक्षा-चकती सुटलेली असण्याची शक्यता असते. असा सेल गटातून कधीच बाहेर पडलेला असतो आणि उरलेल्यांवर जास्त बोजा टाकून गेलेला असतो. जो सेल दीर्घकाळ २ व्होल्टच्या खाली राहिला, त्यातील ऋणाग्राचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा भरताना ते तांबे नको तेथे साचून आत शॉर्ट होण्याची वाट तयार करते. असा सेल हळूहळू भरून ‘जिवंत’ करणे ही कामगिरी म्हणून दाखवली जाते, पण ती निव्वळ बेजबाबदारी आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, या रसायनाने सुरक्षितता वाढवली आणि निदान अवघड केले. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये पुढे आणलेल्या या धनाग्राचा सेल उष्णतेत अधिक स्थिर राहतो. परंतु त्याचे व्होल्टेज भराच्या मोठ्या मधल्या टप्प्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळपास सपाट असते, त्यामुळे वीस टक्के आणि सत्तर टक्के भरलेले गट मीटरला जवळजवळ सारखेच दिसतात. येथे मोजणी माथ्याशी किंवा तळाशीच करावी लागते.

सेल खचण्याची कारणे पाहू गेल्यास नवी मुंबईचे हवामान त्यांत मोठा वाटा उचलते. ऋणाग्रावर साचणारा रासायनिक थर उष्णतेत वेगाने वाढतो आणि वापरता येण्याजोगे लिथियम गिळत जातो. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की अशा प्रक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. स्थानकाबाहेर उन्हात दिवसभर उभी असलेली, त्यातही शंभर टक्के भरून ठेवलेली स्कूटर न चालताही म्हातारी होते. दुसरे कारण पाणी. खाडीकाठच्या या सखल भूमीवर शहर वसवताना सिडको या नियोजन संस्थेला भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावण्यासाठी धारण तलाव बांधावे लागले, यावरूनच पाण्याचे येथील स्थान कळते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सखल रस्त्यांवर साचणारे पाणी, आणि एरवी प्रेशर पंपाने गाडी धुण्याची हौस, सीलच्या फटीतून पेटीत पोहोचते. शुद्ध निकेलऐवजी वरून निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी वापरलेली असेल तर ती कापलेल्या कडेपासून गंजते. पट्टी कानशीने घासून मिठाच्या पाण्यात ठेवली की तांबूस डाग पडतो की नाही यावरून ही भेसळ ओळखता येते. ही तपासणी फुकट आहे आणि नवी पट्टी विकत घेतानाच करण्याजोगी आहे.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, आणि त्या उन्हाळ्यातील अशा घटनांनंतर केंद्र सरकारने दुचाकींच्या बॅटरीसाठी असलेले एआयएस-१५६ हे मानक कडक केले. दुरुस्त मानक १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेलांमधील अंतर, पाण्यापासून संरक्षण, एका सेलाची आग शेजाऱ्याला लागू नये याची चाचणी आणि चालकाला आगाऊ इशारा या गोष्टी त्यात आल्या. त्यामुळे नव्या बॅटऱ्या निश्चितच अधिक सुरक्षित झाल्या. मात्र पाणी आणि आग रोखण्यासाठी अनेक उत्पादक सेलांभोवती रेझिनसारखे द्रव्य ओततात, जे वाळल्यावर पेटी उघडणे म्हणजे ती फोडणेच होते. त्या बॅटरीचे बीएमएस गटागटाचे व्होल्टेज आणि तापमान टिपत असते, परंतु ते वाचण्याची सोय बहुधा कंपनीच्या सेवा केंद्रातच असते. सुरक्षिततेने पेटी बंद केली हे योग्य झाले. नोंदीही तिच्याबरोबर बंद कराव्यात असे मात्र सुरक्षिततेने कोठेही सांगितलेले नाही.

उघडता येणाऱ्या बॅटरीतही निदानानंतरचा निर्णय सोपा नसतो. जुन्या गटात एकच नवा सेल बसवला तर त्याचा रोध कमी असल्याने तो आपल्या वाट्यापेक्षा जास्त प्रवाह ओढतो. म्हणून गट बदलायचा तर सगळा बदलावा, आणि तोही उरलेल्या गटांच्या आजच्या क्षमतेशी जुळणाऱ्या, ग्रेडिंग मशीनवर पूर्ण भरून-उतरवून मोजलेल्या सेलांनी. एक गट पडला असता बाकीचे तेरा मूळ क्षमतेच्या सत्तर टक्क्यांवर आलेले असतील, तर दुरुस्ती ही फक्त पुढच्या गटाची पाळी येईपर्यंतची मुदतवाढ असते, आणि तसे ग्राहकाला आधी सांगणे हा निदानाचाच भाग धरला पाहिजे. उद्या सकाळी कामावर निघायचे असलेल्या चालकाला आठवडाभर सेल ठेवून पाहण्याचे महत्त्व पटत नाही, म्हणून गळतीची चाचणी वगळली जाते, गट अंदाजाने बदलला जातो आणि दोन महिन्यांत तीच गाडी परत येते. तात्पुरती दुसरी बॅटरी भाड्याने देऊन आपल्या निदानाला वेळ विकत घेणारे गॅरेज या धंद्यात टिकण्याची शक्यता जास्त.

काढलेल्या सेलांची टोके चिकटपट्टीने झाकून, ते वाळूच्या डब्यात, चांगल्या सेलांपासून आणि वापरातल्या चार्जरपासून दूर ठेवावे लागतात. २२ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सुट्या, क्रमांक घातलेल्या, निकामी अशा एका सेलासाठी मात्र कोणाचाच ट्रक येत नाही, तो गॅरेजवाल्याला स्वतःच अधिकृत संकलकापर्यंत पोहोचवावा लागतो.