जुन्या मदरबोर्डास नवा प्रोसेसर

घरांतील वस्तु मोडली नसतां केवळ जुनी झाली म्हणून टाकून देणें आपल्या वाडवडिलांस कधीं रुचलें नाहीं. भांड्यांस कल्हई होत असे, जात्यास टांकी लागत असे, आणि वस्तु आणखी एक पिढी चाले. संगणकाच्या बाबतींत मात्र हा विवेक आपण पार सोडून दिला आहे. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०' ह्या प्रणालीचा नेहमींचा आधार संपविला. तिच्यामागून २०२१ सालीं आलेली 'विंडोज ११' बऱ्याच जुन्या प्रोसेसरांस आपल्या मान्य यादींत घेत नाहीं. त्यामुळें ज्या संगणकावर मुलांचा अभ्यास, सुनेचें कार्यालयीन काम आणि वडील मंडळींचे बँकेचे व्यवहार चालतात, तो धडधाकट असतांहि एका दिवसांत निरुपयोगी ठरूं लागला. अशा वेळीं सबंध यंत्र बदलावें, कीं आंतील प्रोसेसर तेवढा बदलावा? प्रश्न खर्चाचा आहे, तसाच विचाराचाहि आहे.

आधीं निदान, मग औषध. यंत्र मंद चालतें एवढ्यावरून प्रोसेसरास दोष देऊं नये. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली कीं पुष्कळदां मंदपणा जातो. मेमरी अपुरी असल्यास ती वाढवावी. नेहमींचें काम चालू असतां 'टास्क मॅनेजर' उघडून पाहावें. प्रोसेसरचा आंकडा सतत शंभराजवळ असेल, अथवा नवी प्रणाली त्या प्रोसेसरास मान्यच करीत नसेल, तरच पुढील विचार करावा.

संस्कृताच्या अभ्यासकांस ठाऊक आहे कीं, विशेषण हें विशेष्याशीं लिंग, वचन आणि विभक्ति ह्या तिन्हींत जुळावें लागतें. दोहोंत जुळून तिसऱ्यांत चुकलें तर वाक्य अशुद्धच. प्रोसेसर व मदरबोर्ड ह्यांचेंहि असेंच आहे. सॉकेट जुळलें पाहिजे, चिपसेट व बायॉस ह्यांची संमति पाहिजे, आणि वीज व उष्णता ह्यांचा भार मदरबोर्डास सोसला पाहिजे.

सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा. तिचें माप सारखें असलें म्हणून भागत नाहीं. इंटेलच्या सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर ११५१ संपर्कबिंदूंच्या सॉकेटांत बसत. ऑक्टोबर २०१७ मध्यें आठवी पिढी आली; तिचेहि बिंदु ११५१ च, परंतु त्यांची विद्युत्-योजना निराळी असल्यामुळें १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डांवर ती चालत नाहीं. 'फले' हें रूप प्रथमेचें द्विवचनहि आहे आणि सप्तमीचें एकवचनहि. रूप एक, अर्थ भिन्न. तसाच हा प्रकार.

याचा परिणाम दोन समवयस्क संगणकांवर पाहावा. दोन्ही २०१७ सालचे; एकांत इंटेलचा कोर आय-५ ७४००, दुसऱ्यांत एएमडीचा रायझन ५ १६००. विंडोज ११ च्या यादींत दोघांसहि स्थान नाहीं. पहिल्याच्या मदरबोर्डावर सातव्या पिढीपलीकडे वाट नाहीं, आणि मान्य यादी सामान्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून तेथें नव्या प्रोसेसरवर पैसा घालणें व्यर्थ. त्यावर लिनक्स बसवून लेखन-वाचनाचें काम घ्यावें, हेंच बरें.

दुसऱ्याचें सॉकेट एएम-४. २०२० च्या मे महिन्यांत एएमडीनें आगामी रायझन प्रोसेसर जुन्या मदरबोर्डांवर चालणार नाहींत असें सांगितलें होतें. ग्राहकांनीं जोराची तक्रार करतांच त्याच महिन्यांत ४०० मालिकेपुरता तो निर्णय फिरला, आणि २०२२ सालीं ३०० मालिकेसहि मुभा मिळाली. म्हणून बी-३५० मदरबोर्डावरहि, उत्पादकानें योग्य बायॉस दिला असल्यास, रायझन ५ ५६०० चालतो. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट. म्हणजे १६०० इतकाच नियत भार, पण काम पुष्कळ जलद. त्याच मालिकेंतील रायझन ७ ५८००एक्स १०५ वॅटचा आहे. साध्या मदरबोर्डास व लहान पंख्यास तो जड जाण्याचा संभव असतो. ५६०० मध्यें चित्रदर्शनाची अंगभूत सोय नाहीं; वेगळें ग्राफिक्स कार्ड नसल्यास ५६००जी घ्यावा. २०२२ पासून विकले जाणारे एएम-५ चे प्रोसेसर मात्र येथें बसणारच नाहींत. त्यांस नवा मदरबोर्ड व डीडीआर-५ मेमरी लागते.

आतां कृतीचा क्रम. मदरबोर्डाचें पूर्ण नांव व आवृत्ति त्याच्यावरच छापलेली असते. ती लिहून घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसर-यादी पाहावी. प्रत्येक प्रोसेसरापुढें किमान लागणारी बायॉसची आवृत्ति दिलेली असते. हा बायॉस जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच घालावा. अन्यथा नवा बसविल्यावर पडदा काळाच राहण्याची भीति. यूपीएसखेरीज हें काम करूं नये, कारण मध्येंच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊं शकतो. बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनःप्राप्तीची किल्ली आधीं कागदावर उतरवावी. प्रोसेसर बदलतांच ती मागितली जाऊं शकते, आणि ती नसेल तर घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें कुलपांतच राहतील. पंखा काढतांना तो सरळ ओढूं नये. यंत्र थोडें तापवून, मग तें बंद करून व तारा काढून, पंखा हलक्या हातानें पिळावा व सोडवावा. नाहींतर प्रोसेसर त्याच्यासह उपटून येतो व पिना वांकतात. नवा बसवितांना कोपऱ्यावरील त्रिकोणास त्रिकोण जुळवावा, आणि उष्णतावाहक लेप ताजा लावावा. शेवटीं बायॉसमध्यें टीपीएम चालू आहे ना तें पाहावें.

दुकानदारापाशीं जातांना हा लिहिलेला कागद बरोबर न्यावा, आणि प्रोसेसर न चालल्यास परत घेण्याची हमी बिलावर लिहून घ्यावी. "कोणताहि बसेल हो!" ह्या तोंडी आश्वासनापेक्षां यादींतील एक ओळ अधिक प्रमाण मानावी. ती ओळ अनुकूल असेल, तर एका प्रोसेसराच्या किंमतींत सबंध घराचें काम आणखी कांहीं वर्षें निभावेल. प्रतिकूल असेल, तर निदान पैसा गांठीं राहील.